हाताने लोकर कातायला शिकायचंय? आमच्या गटात येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात हाताने लोकर कातणाऱ्या आणि कातायला शिकणाऱ्यांचा आमचा एक छोटा गट आहे. नवीन माणसं फोनवर, निरोपातून, कधी दारात उभं राहून जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. आम्ही मुख्यतः दख्खनी मेंढीच्या लोकरीवर काम करतो, त्यामुळे उत्तरंही तिच्याच अंगाने दिलेली आहेत.

१. मला यातलं काहीच येत नाही. विणकामसुद्धा येत नाही. तरी येऊ का?

जरूर या. कातणं वेगळं आणि विणणं वेगळं. आपल्याकडे धनगर घरातल्या बायका लोकर कातत आणि घोंगडी मागावर विणायचं काम सणगर मंडळी करत. कातणाऱ्याला विणता आलंच पाहिजे असं कधीच नव्हतं. बाई-पुरुष, शिकलेले-न शिकलेले, कुणीही चालेल. दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर मात्र घरचं मोठं माणूस हवं, कारण पिंजायच्या (लोकर विंचरून मोकळी करायच्या) तारा टोकदार असतात.

२. कधी भेटता आणि पैसे किती?

महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी, कुणाच्या तरी घरी. जागा आदल्या आठवड्यात कळवतो. शिकवायचे पैसे घेत नाही. लोकर ज्या भावाने आम्हाला पडली त्याच भावाने देतो. टकळी (गिरकी देऊन सूत कातायची चकतीची काडी) पहिले दोन-तीन महिने गटाची वापरा, मग स्वतःची करून घ्या (कशी, ते प्रश्न ६ मध्ये). उशिरा आलात तरी हरकत नाही, पण निदान तासभर बसायची तयारी ठेवा. हात जरा सैल पडू लागतो तोच लोक उठून जातात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

३. पहिल्या दिवशी काय बरोबर आणू?

सुती, खराब झाले तरी चालतील असे कपडे घालून या. लोकर काळी असेल तर मांडीवर पसरायला पांढरा पंचा आणा आणि लोकर पांढरी असेल तर गडद रंगाचा. बोटांतून तंतू कसे सुटतायत हे दिसलं नाही तर हात आंधळेपणाने काम करतो. हाताला तेल किंवा क्रीम लावून येऊ नका, तंतू चिकटतात. नखं कापून या. बाकी काही विकत घेऊ नका. आधी बघा, मग ठरवा.

४. दुकानात लोकर मिळते ती आणली तर चालेल का?

नाही, दोन कारणांनी. एक तर तो तयार धागा असतो, म्हणजे त्याचं कातून झालेलं असतं. आणि दुसरं, स्वेटर विणायला म्हणून मिळते ती बहुतेक लोकर अॅक्रिलिकची असते, मेंढीशी तिचा संबंध नसतो. घरी तपासायचं असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवा. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते, ज्योत बाजूला नेली की आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळतं, ठिबकतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो.

५. दख्खनी लोकर टोचते. मऊ मरिनो मेंढीच्या लोकरीवर का नाही शिकवत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो रास्तही आहे. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतात. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू अंगाला टोचायला लागतात. मरिनो २० च्या आसपास असते. दख्खनी लोकर ४० च्याही वर, त्यात लोकरीबरोबर राठ केस मिसळलेले, आणि एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरसुद्धा भरत नाही. आतून घालायचा स्वेटर तिचा होणार नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.

तरीही आम्ही तिच्यावरच शिकवतो. जिच्या घोंगडीवर या पठाराने थंडी-पाऊस काढला ती लोकर आज अनेक ठिकाणी फेकून दिली जाते, कारण कातरणावळ जास्त आणि लोकरीला भाव नाही. फलटण, माण, खटाव, जत भागातले कळप आपल्यापासून काही तासांवर असताना ऑस्ट्रेलियातून आलेल्या गोळ्यावर हात बसवायचा हे आम्हाला पटत नाही. शिवाय यात शिकणाऱ्याचाही फायदा आहे. मरिनोचे गुळगुळीत, बारीक तंतू नवख्या बोटांतून भसकन निसटतात आणि त्यांना पीळही खूप लागतो. राठ लोकर कमी पिळात धरून राहते. कातताना मांडीवर आखूड केस गळतात, ते गळू द्यावेत. धागा त्याने सुधारतोच.

आसन, सतरंजी, जाडजूड पिशवी, पायपुसणं, घोंगडी यांना हीच लोकर हवी. मऊ काही हवं असेल तर जावळ मागा. कोकराची पहिली लोकर ती, आणि जावळाच्या घोंगडीला आजही वेगळा मान आहे. हात बसल्यावर राजस्थानच्या चोकला मेंढीची लोकर कातून बघायला हरकत नाही. ती भारतातल्या चांगल्या मऊ लोकरींपैकी आहे. काळी, करडी, तपकिरी, पांढरी अशी सगळी दख्खनी लोकर रंगाशिवायच वापरता येते, हे सुख मात्र मरिनोत नाही.

६. टकळीवर शिकवता की चरख्यावर? आमच्या आजोबांचा पेटी चरखा घरी आहे, तो आणू का?

आजोबांचा चरखा जरूर आणा, सगळ्यांना बघायला आवडेल. पण लोकरीसाठी तो नव्हे. पेटी चरखा म्हणजे येरवडा चरखा. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना, १९३० च्या सुमारास, त्याची रचना आकाराला आली, आणि ती झाली कापसासाठी. चाकाच्या एका फेऱ्यात त्याची चाती (जिच्यावर सूत भरतं ती सळई) फार वेगाने फिरते. आखूड, बारीक कापसाला तेवढा पीळ लागतो. जाड लोकर तिथे लावली की क्षणात दोरखंडासारखा पीळ बसतो आणि बारीक चाती लगेच भरते. त्यावर कापूसच काता. अंबर चरखाही (अनेक चात्यांचा, कापसाचा) याच कारणाने बाजूला ठेवा.

आम्ही सुरुवात टकळीवर करतो. कापसाची पितळी टकळी लोकरीला हलकी पडते, दोन गिरक्या घेऊन उलटी फिरते. आपल्या लोकरीला ४० ते ६० ग्रॅमची टकळी बरी. घरी करायची असेल तर दोन जुन्या सीडी एकमेकींवर ठेवा, मधल्या भोकात घट्ट बसेल असा रबरी वॉशर घाला, त्यातून फूटभर लांबीची गुळगुळीत लाकडी काडी घाला आणि काडीच्या टोकाला पडद्याचा छोटा आकडा पिळून बसवा. काडी सरळ आहे ना, एवढं सपाट जमिनीवर गडगडवून बघा. वाकडी काडी टकळीला थरथरवते आणि दोष मात्र शिकणारा स्वतःच्या हाताला देतो.

मोठ्या चाकाचा, हाताने फिरवायचा रहाट गटात आहे. धागा सलग यायला लागला की त्यावर बसवतो.

७. शिकायला किती दिवस लागतात?

धागा म्हणता येईल असं काहीतरी पहिल्याच बैठकीत निघतं. एकसारखा धागा यायला काही महिने जातात. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बसा, फरक लगेच दिसेल.

पहिल्या दिवशी टकळी लोंबकळत ठेवून कातायला लावत नाही. टकळी फिरवायची, धाग्यात पीळ भरला की ती दोन गुडघ्यांत धरून थांबवायची. मग उजव्या हाताची चिमूट धाग्यावर घट्ट ठेवून डाव्या हाताने पेळूतले (पिंजलेल्या लोकरीच्या सैल वळकटीतले) तंतू हलकेच मागे ओढायचे. तंतू एकमेकांवरून सरकतायत पण सुटत नाहीत, अशी एक जागा येते. बोटाला ती आधी कळते, डोळ्याला नंतर. तिथे थांबायचं आणि चिमूट किंचित सैल करून पीळ वर चढू द्यायचा. पांढऱ्या पंच्यावर काळा पट्टा बघता बघता गोल आणि घट्ट होत जातो. फिरवणं आणि ओढणं ही दोन कामं अशी वेगळी ठेवली की घाबरायला होत नाही. ती एकत्र कधी व्हायला लागली हे शिकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

डावा हात पेळू आवळून धरतो ही सगळ्यांची सवय. आमच्याकडे शिकवायला येणाऱ्या धनगर आजी काही न बोलता मनगटावर टिचकी मारतात. हात सैल, चिमूट घट्ट, एवढंच.

८. धागा सारखा तुटतो. काय चुकतंय?

तुटलेलं टोक बघा, ते सांगतं. टोक निमुळतं, विस्कटलेलं असेल आणि धागा आवाज न करता सुटला असेल तर पीळ कमी पडला. टकळी अजून फिरवा, मग ओढा. टोक तोडल्यासारखं असेल, धागा ताठ आणि खरखरीत लागत असेल तर पीळ जास्त झाला. तिसरं कारण पिंजणीचं. पेळूत गुठळ्या असतील तर कितीही चांगला हात अडखळणारच. अशी लोकर परत पिंजा.

जोडायला गाठ मारू नका. धाग्याचं टोक बोटांनी उसवून मोकळं करा, त्यावर नव्या पेळूचे तंतू चार बोटं पसरा आणि दोन्हींवरून एकदम पीळ चढू द्या. जोड नीट बसला तर नंतर सापडत नाही.

९. धागा सैल सोडला की स्वतःभोवतीच गुंडाळतो. बिघडला का?

नाही, ताज्या पिळाचं लक्षण आहे. टकळीवर एक रात्र तसाच राहू द्या, पुष्कळ शांत होतो. कायमचा उपाय म्हणजे दुपदरी करणं. कातताना टकळी घड्याळाच्या दिशेने फिरवली असेल तर दोन धागे एकत्र घेऊन उलट्या दिशेने पिळा. दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. मग फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत टांगा. मागावर उभ्या धाग्याला एकपदरी सूतही वापरतात, पण त्याला चिंचोक्याची खळ देतात. ते पुढचं काम.

१०. कच्ची लोकर कशी धुवायची? वॉशिंग मशीनमध्ये टाकली तर?

मशीन अजिबात नको. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि तुमची दोन किलो लोकर एका जाड गोधडीएवढ्या लगद्यात संपते. मुद्दाम असं करून जेन (न विणता, लोकर दाबून केलेलं जाड कापड) बनवतात, पण आपल्याला तंतू मोकळे हवेत.

आधी कोरडीच झटका. कुसळं, सराटे, शेण लागलेले पुंजके हाताने काढून टाका. या कामाला वेळ द्या, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. मग मोठ्या टबात हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी, त्यात उकळून गाळलेलं रिठ्याचं पाणी. लोकर वरून दाबून बुडवा आणि हात काढून घ्या. ढवळू नका, चोळू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी अलगद उचला आणि तितक्याच गरम पाण्यात खळखळा. पाण्याचा गरम-थंड फरक टाळायचा. पहिलं पाणी मातीच्या रंगाचं निघतं, घाबरू नका. कळप कातरण्याआधी ओढ्यावर धुवायची धनगरांची पद्धत आहे. अशी लोकर मिळाली तर निम्मं काम झालेलं असतं. दख्खनी लोकरीत चिकटा फार नसतो, धूळच जास्त असते. धुतलेलं पाणी झाडांना घाला, मोरीत ओतलंत तर जाळी तुंबते.

वाळल्यावर पिंजायला दोन पिंजण्या लागतात. त्या नसतील तर कुत्र्याला विंचरायचे तारांचे दोन ब्रश चालतात.

११. मेंढपाळाकडून थेट लोकर घेऊ का? भाव काय सांगायचा?

घ्या, पण ओळखीने जा. वाडा, म्हणजे मेंढपाळांचा कळपासह मुक्काम, एका जागी नसतो. दसरा-दिवाळीनंतर अनेक कळप घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाच्या आधी परततात. वाटेत शेतात खतासाठी मेंढ्या बसवतात. कातरणी वर्षातून साधारण दोनदा होते, तेव्हाच ताजी लोकर मिळते.

भावात घासाघीस करू नका ही आमची विनंती आहे. बाजारात मिळतो त्याहून जास्त द्या आणि त्या बदल्यात निवड मागा: पाठीची-कुशीची लोकर वेगळी, पोटाची आणि पायाची बाजूला, रंग वेगवेगळे, आणि कात्री दोनदा चाललेले आखूड तुकडे नकोत. ओली लोकर पोत्यात भरू नका, दोन दिवसांत कुजते. मेलेल्या जनावराची लोकर कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, तिच्यातून माणसाला होऊ शकतो.

१२. आम्ही कटाक्षाने शाकाहारी आहोत. लोकर काढताना मेंढीला त्रास होतो का?

कातरणं म्हणजे केस कापणं. सवयीच्या हाताने केलं तर जखम होत नाही. लोकरीसाठी मेंढी मारली जात नाही. पण अर्धवट उत्तर देणं बरं नाही: त्याच कळपातले नर मांसासाठी विकले जातात, आणि आज मेंढपाळाचं घर लोकरीवर नव्हे, प्रामुख्याने त्या विक्रीवर चालतं. हे कळून तुम्हाला यायचं नसेल तर आम्ही त्याचा मान ठेवतो. कापूस कातणारेही आमच्यात आहेत, त्यांच्याजवळ बसा.

१३. मला दमा आहे. किंवा: मी गरोदर आहे. येऊ का?

दमा असेल तर लोकर झटकायच्या आणि पिंजायच्या दिवशी येऊ नका. धुतलेल्या, पिंजलेल्या लोकरीवर कातायला सहसा अडचण येत नाही, तरी मास्क लावा आणि खिडकीजवळ बसा. गरोदर असाल तर न धुतलेल्या लोकरीला हात लावू नका आणि मेंढ्या व्यायच्या दिवसांत वाड्यावर जाऊ नका. मेंढ्यांकडून काही संसर्ग होण्याची शक्यता असते. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. टकळी चालवायला हरकत नाही.

१४. मी डावखुरी आहे.

सगळं आरशात बघितल्यासारखं करा. फक्त टकळी नेहमी एकाच दिशेने फिरवा आणि ती दिशा लिहून ठेवा, दुपदरी करताना (प्रश्न ९) लागते.

१५. पावसाळ्यात लोकरीला कसर लागते. कशी सांभाळायची?

कसर मळक्या लोकरीला आधी लागते, म्हणून पावसाळ्याआधी सगळी धुऊन, कडक वाळवून ठेवा. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा हवेतला ओलावा ओली न वाटता पिते, त्यामुळे हाताला कोरडी लागली म्हणून फसू नका. सुती पिशवीत ठेवा, वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. त्याने कसर दूर राहते, पण आत असलेली मरत नाही. लागलीच असेल तर लोकर प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, मग झटकून उन्हात घाला. पावसात कातणं थांबवायचं कारण नाही. दमट हवेत तंतू उडत नाहीत, हाताला उलट बरं पडतं.

१६. कातलेलं सूत विकून पैसे मिळतील का? त्याला खादी म्हणता येईल का?

पोट भरेल इतके नाहीत. गिऱ्हाईक सूत गिरणीच्या भावाशी ताडून बघतं आणि हाताचा वेळ त्यात बसत नाही. तयार वस्तू, विशेषतः आसन आणि पिशवी, बऱ्या भावाने जाते.

खादीबद्दल: खादी म्हणजे फक्त सुती, हा गैरसमज आहे. १९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोग कायद्यात कापूस, रेशीम किंवा लोकर यांच्या भारतात हाताने कातलेल्या सुताचं, भारतात हातमागावर विणलेलं कापड ते खादी. म्हणजे नुसतं सूत खादी नव्हे. आणि ‘खादी’ या नावाने विकायचं तर २०१३ च्या खादी मार्क नियमांप्रमाणे आयोगाचं प्रमाणपत्र लागतं. आपण वस्तूवर ‘हाताने कातलेली दख्खनी लोकर’ लिहावं. ते खरंही आहे आणि पुरेसंही.

१७. मुलगी परदेशात असते, तिला लोकर पाठवू का? तिकडे असे गट असतात का?

ब्रिटनमध्ये विणणारे, कातणारे, रंगवणारे यांच्या स्थानिक मंडळांची संघटना १९५५ पासून आहे. अमेरिकेतही अशी मंडळं आहेत. नवख्यांचं ते मनापासून स्वागत करतात. कच्ची, न धुतलेली लोकर मात्र पाठवू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे नियम फारच कडक आहेत. धुऊन कातलेली लडी पाठवायची तरी त्या देशाचे नियम आधी बघा आणि पार्सलवर काय आहे ते स्पष्ट लिहा.

१८. आमच्या गावात असा गट नाही. काय करू?

तिघंजण पुरे होतात. आधी शिकवणारी शोधा. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, नगर भागात धनगर वस्तीवर साठी-सत्तरीच्या अशा बाया अजून आहेत ज्यांनी तरुणपणी घरची लोकर कातली. कुणीतरी ओळखीचं माणूस घेऊन जा, चहापाणी होऊ द्या, मग विषय काढा. ‘आता कोण विचारतंय’ असं म्हणून त्या आधी टाळतील. दुसऱ्यांदा जा. शिकवण्याचे पैसे नक्की द्या, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा द्या आणि परवानगीशिवाय फोटो काढू नका. त्या कातत असताना हातांकडे बघा. तोंडाने सांगता येत नाही असं खूप काही त्या हातांत असतं. मेंढीपालन आणि लोकरीची माहिती हवी असेल तर पुण्यातल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे विचारा.

१९. आमच्या कुत्र्याचे केस खूप गळतात. ते कातता येतील का?

येतात, पण सगळे नाही. विंचरताना निघणारे आतले मऊ केस, निदान दोन बोटं लांबीचे हवेत. लॅब्रडोरचे आखूड केस धागा धरत नाहीत, पोमेरेनियनचे धरतात. एकट्याने ते फार निसटतात म्हणून तीन भाग दख्खनी लोकर आणि एक भाग केस असं एकत्र पिंजा. धुवायची पद्धत प्रश्न १० प्रमाणेच. केस कोरडे, कागदी पिशवीत आणा. शेळीचे केसही आणलेत तर चालतील, फक्त त्यांचा दोर होतो, धागा नाही.